सात-बारा राहील, माणसांचं काय?

'आम्ही आहोत तोवर ठीक आहे. आमच्या मागं याचं कसं व्हायचं?'

रात्री दिवा मालवताना हा प्रश्न जिथं विचारला जातो, असं एखादं घर बहुतेक गावांत सापडेल. मुलगा पंचविशीचा झाला, पण व्यवहार कळत नाही. नाहीतर मुलगी लहानपणापासून अंथरुणाला खिळलेली. आईबापांनी साठी ओलांडलेली. त्यांतले काही तर देवाला हात जोडून म्हणतात, 'आमच्या आधी याला ने.' आपल्याच लेकराचं मरण मागायची पाळी आईबापावर यावी, याची लाज साऱ्या गावाला वाटायला हवी.

ही घरं थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतले जवळजवळ ७० टक्के खेड्यात राहणारे.

आईबाप आपल्या परीनं तरतूद करतात. एकर-दोन एकर त्याच्या नावावर करतात, पोस्टात चार पैसे टाकतात, संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसिलीत खेटे घालतात. हे सगळं करायलाच हवं. पण जमीन काही ताप आला तर कपाळावर हात ठेवत नाही. उलट पाठीशी माणूस नसेल, तर तीच जमीन गळ्याचा फास होते. एक अंगठा उठला की एकर गेला!

'भाऊ आहे की सांभाळायला,' असं आपण म्हणतो. कितीतरी भाऊ आणि भावजया मनापासून सांभाळतातही. पण त्यांनाही संसार आहे, दुष्काळ आहे, पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरणं आहे. एकाच मेढीवर उभं केलेलं छप्पर किती पावसाळे टिकणार?

कॅनडातल्या काही पालकांना हाच घोर लागला होता. तिकडं सरकारी सोयी आपल्याहून पुष्कळ. तरीही १९८९ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ते एकत्र आले आणि 'प्लॅन' नावाची संस्था काढली. त्यांनी काय केलं? प्रत्येक अपंग व्यक्तीभोवती जिव्हाळ्याच्या माणसांचा एक गट जमवला, आणि तो विस्कटू नये म्हणून सगळ्यांना बांधून ठेवणारा एक जण नेमला. पैसा सांभाळायलाही माणसंच लागतात, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याला हे नवीन का वाटावं? एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी सावड करतो आणि दोघांची पेर उरकते. सावडीत उपकार नसतो, पाळी असते. इथंही तसंच आहे. तो पोरगा शेजाऱ्याची शेरडं राखतो, डेअरीत दूध पोचवतो, भजनात टाळ धरतो. अंथरुणावरची पोरगी शेजारणीच्या तान्ह्याकडं लक्ष ठेवते. ज्याच्याकडून गावाला काही मिळतं, त्याला गाव विसरत नाही.

तेव्हा आईबापांनी हातपाय चालताहेत तोवरच पाच-सहा माणसं जोडावीत. आधी त्या लेकराला विचारावं, 'तुला कोण आवडतं?' बोलता येत नसेल, तर कुणाला पाहून त्याचा चेहरा खुलतो ते बघावं. मावसभाऊ, शेजारीण, शाळासोबती, कुणीही चालेल. कामं वाटून घ्यावीत. एकानं बँक आणि अनुदान बघायचं, एकानं दवाखाना, एकानं जत्रेला-बाजाराला न्यायचं. महिन्यातून एका बाजारच्या दिवशी अर्धा तास एकत्र बसायचं. निरोप देण्याची जबाबदारी एकाकडेच असावी. एक वही करावी : औषध कोणतं, खायला काय आवडतं, कशाला भितो, दुखलं तर कसं सांगतो. हे सारं आज फक्त आईच्या डोक्यात आहे. ती गेली की तिच्याबरोबर जाईल. आणि त्या गटात निदान दोघं तरी विशी-तिशीतले असू द्यावेत. जुनं झाड वठण्याआधी नवं रोप लावतो, तसंच हे.

कायद्याचाही आधार घ्यावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती पालक नेमू शकते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेबही. पण हिशेब खरा की खोटा, हे कागदाला कळत नाही. ते गावातल्या चार माणसांनाच कळतं.

आता दोन शब्द गावकारभाऱ्यांसाठी. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा, असा शासनाचा आदेश आहे. मार्चअखेर साहित्य वाटलं, फोटो काढला, की काम संपलं असं समजू नका. अशा घरांची यादी करा आणि प्रत्येक घरामागं कोण माणसं उभी आहेत, हे ग्रामसभेत विचारा. तलाठी भाऊसाहेबांनी वारसाच्या फेरफारात अपंग वारस दिसला, तर नोटीस त्याला नीट समजावून द्यावी, आणि समजावताना त्याच्या विश्वासाचं माणूस जवळ बसवून घ्यावं. हरकतीची मुदत टळल्यावर कळवळून काय उपयोग?

गाव करी ते राव न करी, असं आपण म्हणत आलो. मग या आठवड्यात त्या घरी चक्कर टाका. ओट्यावर बसा, चहा घ्या, आणि बापाच्या आधी त्या पोराशी दोन शब्द बोला. सावड तिथूनच सुरू होते.