आमदाराला गटार विचारायचेच

विधानसभेची निवडणूक लागली की शहाण्यासुरत्या मंडळींचा एक उपदेश हमखास कानी पडतो. आमदार असतो कायदे करायला; गटार, पाणी, घरपट्टी ही नगरसेवकाची कामे. उमेदवाराला ती विचारणाऱ्याचे नागरिकशास्त्र कच्चे!

या म्हणण्याला थोडा आधार आहे. सोसायटीच्या दारात चार पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि वर ‘आमदार निधीतून’ असा कामाहून मोठा फलक लावायचा, ही आमदारकी नव्हे. पण म्हणून स्थानिक प्रश्न विधानसभेच्या कक्षेबाहेरचे ठरत नाहीत.

पुण्याची घरपट्टीच घ्या. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला 1970 पासून महापालिकेच्या ठरावाने 40 टक्के सवलत मिळे. ती नगरसेवकांनी काढली नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि राज्य सरकारने तो ठराव मोडीत काढला. मग वाढीव बिले घरोघरी आली. 2023 च्या पुण्यातल्या कसबा विधानसभा पोटनिवडणुकीत हा विषय तापला. 2 मार्चला निकाल लागला आणि एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा बहाल केली. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. पुढे सवलतीसाठीच्या पीटी-3 अर्जाला सोसायटीचे पत्र नाहीतर मतदार कार्ड, रेशन कार्ड जोडून लोक आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करत बसले. निर्णय मंत्रालयात झाला, हेलपाटे मात्र क्षेत्रीय कार्यालयाचे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. जून 2021 मध्ये राज्याने 23 गावे पुणे महापालिकेत घातली, पण त्यांचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) सोपवले. इमारतींना परवानगी एकाने द्यायची आणि त्यांत राहायला आलेल्यांना पाणी दुसऱ्याने पुरवायचे, अशी ही वाटणी झाली. जानेवारी 2025 मध्ये गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले ते मुख्यतः नांदेड, किरकटवाडी या समाविष्ट गावांत आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरात. संशय विहिरीच्या पाण्यावर आला. तिथल्या माणसाने उमेदवाराला पाण्याचे विचारायचे नाही?

आणि नगरसेवकाकडे जा म्हणता, तो होता कुठे? मार्च 2022 मध्ये पुण्याच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आला. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेचे मतदान झाले तेव्हाही प्रशासकच होता. महापालिकेची निवडणूक लांबली त्याला ओबीसी आरक्षणाचा न्यायालयातला वाद कारण होता हे खरे. पण प्रभागरचनेचे कायदे फिरवले ते विधिमंडळानेच.

74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत. त्यांतले कोणते, किती अधिकारांसह महापालिकेच्या हाती द्यायचे, हे राज्याच्या कायद्याने ठरते. म्हणून उमेदवाराकडे गटाराचे काम मागू नये, गटाराबद्दलची भूमिका मागावी. ‘पाठपुरावा करतो’ हे उत्तर चालणार नाही. तेवढे काम त्याचा स्वीय सहायकही करतो. वाघोली, नऱ्हे, सूस या समाविष्ट गावांची बांधकाम परवानगी महापालिकेकडे असावी की नाही? परवानगीचे शुल्क घेणाऱ्यावर पाण्याची आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांची जबाबदारी टाकणारी दुरुस्ती तो सभागृहात मांडणार का? आणि पक्षाचा आदेश उलटा आला, तर हात कोणत्या बाजूने वर करणार?