‘बीजमाता’ म्हणता, मग हक्काचे काय?

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. महादेव कोळी समाजाच्या, शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान वाण जपले, वाटले. देशाने त्यांना ‘बीजमाता’ म्हटले.

हेच काम दिल्लीत पुसाच्या राष्ट्रीय जनुक पेढीत पगारी पदवीधर करतो, तेव्हा तो शास्त्रज्ञ ठरतो. तिथे चार लाखांहून अधिक नमुने थंड कोठारात आहेत. ते आले कुठून? कष्टकऱ्यांच्या शेतातून, कणगीतून. कोणती शेंग बियाण्याला ठेवायची, कोणते वाण कमी पावसात तगते, हे ओळखणे म्हणजे विज्ञानच. पण आदिवासी बाईने केले की ती ‘माया’ होते. मायेला मजुरी नसते आणि हक्कही नसतो. राबणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवायचे आणि सातबाऱ्यातून वगळायचे, ही ब्राह्मणी व्यवस्थेची जुनी चाल आहे.

नाचणी-वरई खाणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले. 2023 मध्ये दिल्लीने त्याच धान्याला ‘श्री अन्न’ केले. धान्याला ‘श्री’ लागला, पिकवणाऱ्याला नाही.

म्हणून गौरव पुरे, हक्काचे बोला. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखणे, अदलाबदल करणे आणि ब्रँड न लावता विकणे हा शेतकऱ्याचा हक्क मानला आहे. पारंपरिक वाण जपणाराही या कायद्याने ‘शेतकरी’ आहे. कलम 41 प्रमाणे वाण घडवण्यात गावाचा वाटा असेल, तर गावाच्या वतीने कोणीही भरपाईचा दावा करू शकतो, तो स्वतः शेती करीत नसला तरी. त्याला फी नाही.

कंपन्यांना हा कायदा पाठ आहे. याच कायद्याचा आधार घेऊन पेप्सिकोने 2019 मध्ये गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर कोट्यवधींचे दावे लावले. देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले. आपल्या वस्तीत मात्र हा कायदा कोणी वाचलेला नसतो.

तो वाचणे हे घरातल्या पहिल्या पदवीधराचे काम आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीला, मावशीला विचारा: कोणते वाण, कुठून आले, कोणी राखले? नावानिशी लिहून काढा, ग्रामसभेत नोंदवा, अर्ज भरा. बियाणे त्यांनी राखले, कागद आपण राखू.

जय भीम! जय जोहार!