आयोग राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर नकोत



अमेरिकी राज्यघटनेने कार्यकारी अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला, म्हणून स्वायत्त आयोगांचे सदस्य त्यांनी वाटेल तेव्हा काढावेत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. अधिकाऱ्यांना पदावरून कसे दूर करावे, याविषयी महाभियोग सोडला तर घटना गप्प आहे. आयोग जन्माला घालतो तो काँग्रेसचा कायदा. १९१४ च्या कायद्याने फेडरल ट्रेड कमिशनच्या पाच सदस्यांना सात वर्षांची मुदत दिली, एकाच पक्षाचे तिघांहून अधिक नकोत असे बजावले आणि अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर वा गैरवर्तन एवढीच हकालपट्टीची कारणे ठेवली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये याच आयोगाचे सदस्य विल्यम हम्फ्री यांना केवळ धोरण जुळत नाही म्हणून काढले. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने अमान्य केले.

राष्ट्राध्यक्षांचा हकालपट्टीचा अधिकार मान्य झाला म्हणून पत्रलेखक १९२६ च्या मायर्स खटल्याचा दाखला देतात. पण मायर्स पोस्टमास्तर होते! मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या आयुक्ताशी त्यांची तुलना कशी होईल? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानेही संरक्षण काढले ते एकच संचालक असलेल्या संस्थेचे.

मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी फेडरल ट्रेड कमिशनच्याच दोन डेमोक्रॅटिक सदस्यांना काढले. चौकशीत सापडलेल्या कंपनीने व्हाइट हाउसमध्ये शब्द टाकताच आयुक्ताची खुर्ची जाणार असेल, तर ग्राहकाने दाद मागायची कोणाकडे?