तारेचें गणित आणि आमचें पांडित्य

पनवेलचा एक पियानो दुरुस्त करणारा कारागीर हल्लीं रात्रीं बसून स्थापत्यशास्त्राचीं पुस्तकें वाचतो, हें ऐकून आमचे एक विद्वान् स्नेही परवां मनसोक्त हंसले. "कारागिराला हात पुरे; शास्त्र अभियंत्यांसाठीं," हा त्यांचा सिद्धान्त! आमच्या मतें हा सिद्धान्त नव्हे, अहंकार आहे.

पियानो म्हणजे पेटी नव्हे. त्यांत सुमारें २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १६ ते २० टनांपर्यंत भरतो. तो पेलण्यासाठींच आंत बिडाचा सांगाडा घालावा लागतो. दिवाणखान्यांत उभा केलेला तो एक पूलच होय. आमच्या घरच्या जुन्या पियानोला याच कारागिरानें किंचित् जाड तारा चढविल्या. लांबी व स्वर तेच ठेवले, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. जाडी शेंकडा ५ वाढली कीं ताण शेंकडा १० हून अधिक वाढतो. हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. कोंकणच्या पहिल्याच पावसाळ्यांत खुंट्यांची फळी चिरली, आणि त्यानें पुस्तक हातीं घेतलें.

"मिरजेच्या फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकांत तंबोरे घडविले, ते कोणतें पुस्तक वाचून?" असें प्रतिपक्ष विचारील. आक्षेप वजनदार आहे. शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगारांच्या त्या कुलानें वाद्यें घडविलीं, त्या कारागिरीपुढें आम्ही नतमस्तक आहों. परंतु तंबोऱ्याला तारा चार. चूक झाली तर एक भोपळा वाया जातो, आणि तिचा धडा पुढल्या पिढीस मिळतो. आमच्या या कारागिरामागें अशी परंपरा नाहीं. ती उणीव त्यानें ग्रंथांनीं न भरावी, तर कशानें भरावी?

आणि हीं शास्त्रें परस्परांहून वेगळीं, हें तरी कोणीं ठरविलें? तारेच्या ताणावर प्रयोग करणारा व्हिन्सेंझो गॅलिलेई हा तंतुवाद्य वाजविणारा संगीतज्ञ. तुळईच्या बळाचा विचार १६३८ सालच्या ग्रंथांत मांडणारा गॅलिलिओ त्याचाच मुलगा. एका घरांत नांदलेल्या विद्यांची वांटणी केली ती आमच्या परीक्षांनीं!

आम्हीं तुळईचें समीकरण पंचवीस वर्षें फळ्यावर लिहिलें. पण तार ताणण्याची किल्ली कधीं हातीं धरली नाहीं. ज्यानें ती धरली आहे, तो आपल्या चुकीचें कारण शोधीत असतां त्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला? त्याचें पान जेथें अडेल, तेथें जाऊन शेजारीं बसावें, एवढेंच आमचें काम.