नाकातली यादी

पावसाळी खोकल्याचा हंगाम आला की जाहिरातीही येतात. या आठवड्यात एका प्रयोगशाळेने आईबापांना आश्वासन दिलं आहे की बाळाच्या नाकात एक काडी फिरवली, की वीस-बावीस जंतूंची तपासणी एकदम होईल आणि न्यूमोनिया कशामुळे झाला ते दुसऱ्या दिवशी हातात पडेल. खर्च फक्त काही हजार रुपये! पीसीआरशी, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या या तपासणीशी, माझं भांडण नाही. नाकात जे आहे ते पीसीआर चोख सांगतं. भांडण आहे ते पुढच्या उडीशी, म्हणजे नाकात जो सापडला त्यानेच फुफ्फुस बिघडवलं असं मानण्याशी. चोरी झालेल्या वाड्याच्या दिंडीत कोणकोण उभं होतं याची यादी पोलिसांनी करावी आणि त्या सगळ्यांना चोर ठरवावं, तसलाच हा तपास आहे.

मुलांच्या न्यूमोनियाची कारणं शोधणारा 'पर्च' अभ्यास बघा. आफ्रिका-आशियातले सात देश, रुग्णालयात दाखल झालेली पाच वर्षांखालची मुलं आणि त्याच परिसरातली, न्यूमोनिया नसलेली मुलं. 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांतले विषाणू 61 टक्के, जिवाणू 27 टक्के हे आकडे सगळ्यांनी उचलले. मला त्यांच्याआधीची एक ओळ जास्त महत्त्वाची वाटते. नाका-घशाच्या नमुन्यात निदान एक तरी जंतू सापडलेली मुलं आजाऱ्यांत 98.9 टक्के होती आणि न्यूमोनिया नसलेल्यांत 98 टक्के. शेजारचं खेळतं मूल उचलून आणलं असतं तर त्याच्याही अहवालात काहीतरी निघालंच असतं, आणि त्यालाही कुणीतरी औषध लिहून दिलं असतं. बरं, रक्तात शोधावं, तर एक्स-रेवर न्यूमोनिया दिसलेल्या मुलांपैकी जेमतेम 3 टक्क्यांच्या रक्तात जिवाणू वाढले. म्हणजे एका ठिकाणी जंतू सगळ्यांकडेच सापडतो, दुसऱ्या ठिकाणी जवळपास कुणाकडेच नाही. मग ते 61 आणि 27 आले कुठून? आजारी आणि न्यूमोनिया नसलेल्या मुलांच्या याद्या समोरासमोर ठेवून, फरकाच्या गणितातून. आरएसव्ही हा विषाणू न्यूमोनिया नसलेल्या मुलांत क्वचित सापडतो, म्हणून त्याच्या सापडण्याला वजन आहे. जवळपास 31 टक्के वाटा एकट्या त्याचा निघाला. पण हे गणित हजारो मुलांचं आहे. खाटेवरच्या एका मुलाला ते फारतर शक्यता सांगेल.

त्यातही विषाणू आणि जिवाणू अशी रेघ मारली की काम झालं असं समजणाऱ्यांनी सोवेटोकडे बघावं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या वस्तीत मुलांना न्यूमोकॉकसची, म्हणजे एका जिवाणूची, लस दिली गेली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, सगळे डोस मिळालेल्या मुलांमध्ये विषाणू सापडलेल्या न्यूमोनियाने दाखल होण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी उतरलं होतं. लस जिवाणूची आणि घटले 'विषाणूचे' रुग्ण! याचा सरळ अर्थ असा की त्यातल्या बऱ्याच मुलांत विषाणूने वाट मोकळी केली होती आणि मागून न्यूमोकॉकस शिरला होता. काडीने फक्त पहिल्याला पकडलं.

यावर आक्षेप ठरलेला आहे. यादी अपुरी असली तरी 'व्हायरल' असा अहवाल आला की अँटिबायोटिक टळतं, आणि प्रतिकारक्षम जंतूंच्या काळात हे काय थोडं आहे? आक्षेप निम्मा खरा आहे. कराचीत नुसता श्वास जलद असलेल्या, छाती आत न ओढणाऱ्या मुलांपैकी काहींना अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक आणि काहींना बिनऔषधाचं औषध देऊन पाहिलं गेलं. अमॉक्सिसिलिनवाल्या गटात 2.6 टक्क्यांचे उपचार फसले, दुसऱ्यात 4.9 टक्क्यांचे. म्हणजे बहुतेक मुलं औषधाशिवायही सुधारली, पण फसण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. औषधाची खरी गरज असलेली ती थोडी मुलं कोणती, हे नाकातली यादी कसं सांगणार? विषाणू तर त्यांच्याही नाकात असणार. अँटिबायोटिकचा गैरवापर थांबवायचाच असेल तर साध्या सर्दी-खोकल्यावर लिहिली जाणारी औषधं आधी थांबवा. त्याला पीसीआर लागत नाही.

मग औषध कुणाला द्यायचं ते ठरवायचं कसं? गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना श्वास मोजायला आणि तो जलद असेल तर अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. जंतू कोणता, हे कुणी विचारलंही नाही. 1990 च्या 'लॅन्सेट'मधल्या निबंधात उपचार मिळालेल्या मुलांतला मृत्युदर 0.8 टक्के आहे, तुलनेच्या गावांत 13.5. तेव्हा हिब आणि न्यूमोकॉकस या जिवाणूंच्या लसी तिथे नव्हत्या, आज आहेत, म्हणून तेच आकडे आज येणार नाहीत, हे मान्य. पण जलद श्वास ओळखायची दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50 आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 ही मोजणी अजून तीच आहे, आणि जोडीला बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आहे. तरी ज्या दवाखान्यात नेब्युलायझर दिवसभर गुरगुरतो तिथे घड्याळ लावून श्वास मोजणारं कुणी नसतं असा माझा दाट संशय आहे. पुरावा नाही, संशय मात्र सुटत नाही. अतिदक्षता विभागातलं, औषधांना दाद न देणारं किंवा प्रतिकारशक्ती खालावलेलं मूल असेल तर ती बावीस जंतूंची तपासणी जरूर करावी, सरकारने साथीवर नजर ठेवायलाही ती वापरावी. बाह्यरुग्ण विभागात मात्र ती लिहून देणाऱ्याने आधी श्वास मोजायला बाळाचं झबलं वर केलं होतं का, एवढं आईने विचारायला हरकत नाही.