खूष कसला डोंबलाचा!

न्यू जर्सीतल्या एका मित्राने शॅमेलिऑन पाळलाय. मूळचा येमेनचा. पाहुणे आले की साहेब त्याला बाहेर काढून हातोहात फिरवतात. "बघ, रंग बदलला! खूष झालाय!"

खूष कसला डोंबलाचा? असा काळपट पडतो तो बहुतेक वेळा थंडीने, नाहीतर भीतीने. घरातल्या पडद्यांना मॅचिंग म्हणून कोणी रंग बदलत नसतं हो!

बरं, पिंजऱ्यात काय? एक प्लॅस्टिकची फांदी आणि वाटीत पाणी. आता हा प्राणी साठलेलं पाणी सहसा पीतच नाही, पानांवरचे थेंब चाटतो. अतिनील किरणांचा दिवा नसेल तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं वाकतात. आणि 'सोबत' म्हणून दुसरा आणणार म्हणे! अरे, एकट्याने राहणारा जीव तो, कायम धास्तावलेला राहील.

लाड करायचेत ना? मग उंच जाळीचा पिंजरा, लपायला खरी झाडं, जीभ मारून पकडायला जिवंत किडे द्या. आणि हात आवरा!

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, मान्य. पण कुंपण आपण घातलंय, तर आत थोडं रान तरी ठेवा. तेवढं जमत नसेल तर पाळूच नका.