आधी जोडणी, मग फिल्टर

ईसीजीच्या पट्टीवर उमटणारा हृदयाचा संकेत जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. भिंतीतल्या वायरिंगमुळे रुग्णाच्या अंगावर चढणारा ५० हर्ट्झचा विद्युतदाब मात्र कधी त्याच्या शेकडो पट भरतो. हा दाब सगळ्या इलेक्ट्रोडांवर जवळपास सारखाच येतो, म्हणून तो कॉमन-मोड, म्हणजे सामाईक, नॉइज. तो घालवायलाच हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कुठे घालवावा याचा.

फक्त ५० हर्ट्झचा पट्टा कापणाऱ्या नॉच फिल्टरच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे व्यवहारी आहे. बाहेर रांग लागलेली असताना किंवा छातीत कळ घेऊन आलेला रुग्ण समोर असताना इलेक्ट्रोड नीट बसावा म्हणून त्वचा घासत बसायला सवड नसते. बटण दाबले की रेषा स्थिर होते, आणि थरथरत्या रेषेवर निदान करण्यापेक्षा ते नक्कीच बरे.

मात्र ५० हर्ट्झच्या आसपासचे काय खोलीतून आले आणि काय हृदयातून, हे फिल्टरला कळत नाही. क्यूआरएसच्या, म्हणजे ठोक्याच्या टोकदार भागाच्या, तीव्र चढउतारातही त्या पट्ट्यातला अंश असतो. तो कापला की टोक बोथट होऊ शकते, मागे बारीक लहरी उमटू शकतात, आणि पट्टी स्वच्छ दिसत असल्याने शंकाही येत नाही.

दुसरा मार्ग उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडचा, म्हणजे पायाच्या ड्राइव्हचा. सर्किट अंगावरच्या सामाईक दाबाची सरासरी काढते, ती उलटी करून पायावाटे परत देते, आणि तो दाब उगमाशीच दबतो. विंटर आणि वेबस्टर यांनी १९८३ मध्ये या रचनेचे सविस्तर विश्लेषण केले. तथापि गेन (वर्धन) फार वाढवला तर हे वर्तुळ स्वतःच दोलायला लागते. शिवाय रुग्णाच्या सुरक्षेसाठी प्रवाहावर रोधकाची मर्यादा ठेवावीच लागते.

अॅम्प्लिफायर उत्तम असला की झाले, असेही म्हटले जाते. सीएमआरआर म्हणजे सामाईक दाब नाकारण्याची क्षमता; ती १०० डेसिबल म्हणजे सामाईक दाब १ लाख पटींनी क्षीण. पण दोन इलेक्ट्रोडांच्या संपर्करोधात १० किलोओहमचा फरक असेल आणि इनपुट इम्पीडन्स १० मेगाओहम असेल, तर सामाईक दाबाचा हजारावा भाग आधीच फरकाच्या रूपात आत शिरतो. १ व्होल्टमागे १ मिलिव्होल्ट, म्हणजे हृदयाच्या संकेताएवढाच! तो अॅम्प्लिफायर वेगळा काढू शकत नाही.

म्हणून आमचा कल जोडणीकडे आहे: स्वच्छ त्वचा, ताजे जेल, एकत्र बांधलेल्या वायरी, ठीक अर्थिंग, त्यानंतर पायाचा ड्राइव्ह आणि शेवटी फिल्टर. दुसरीकडे, वृद्धांची नाजूक त्वचा किंवा धावत्या रुग्णवाहिकेत घेतलेला ईसीजी, इथे फिल्टरच आधी येईल, आणि ते रास्तच आहे. अट एकच: फिल्टर चालू असल्याची नोंद पट्टीवर असावी आणि मूळ नोंदणी जपलेली असावी. साठवणुकीचा खर्च किरकोळ आहे. खरी किंमत आहे ती तंत्रज्ञाच्या दोन मिनिटांची, आणि तासाला किती रुग्ण तपासायचे हे ठरवताना रुग्णालयांनी ती हिशेबात धरायला हवी.